घोड्याची प्राचीन नाणी जमवायचीत? सोलापूरकडनं सारखे येणारे प्रश्न

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अकलूज, मंगळवेढा, शिवाय पलीकडनं तुळजापूर-धाराशिव, सगळीकडनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येत असतात आणि खाली एकच ओळ, "घोडा आहे, बघून सांगा". साहजिक आहे म्हणा, आपल्याकडं माळशिरस तालुक्यात माउलींचं रिंगण बघत मोठी झालेली माणसं आहेत, अकलूजचा घोडेबाजार आहे, घोडा दिसला की मान वळतेच. तर वारंवार येणारे प्रश्न एका जागी लिहून काढलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकदा सांगितलेलं परत लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. सर, प्राचीन म्हणजे किती जुनं? माझ्याकडं १८८० सालचं नाणं आहे, ते चालेल का?

नाही, ते ब्रिटिशकालीन झालं. नाण्यांच्या जगात प्राचीन म्हणजे साधारण इसवी सनपूर्व सहाव्या-सातव्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकापर्यंतचं. त्यानंतरचं मध्ययुगीन. पण घोड्याच्या बाबतीत मी ही रेघ थोडी पुढं ओढतो, कारण हिंदू शाहींची (काबूल-गांधारकडचं राजघराणं) बैल-घोडेस्वार नाणी नवव्या-दहाव्या शतकातली असली तरी त्यांच्याशिवाय हा संग्रह अर्धा वाटतो (प्रश्न ३ बघा).

२. बजेट कमी आहे. पहिलं नाणं कुठलं घेऊ?

सोटर मेगासचं तांब्याचं. कुशाण काळातलं, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचं, एका बाजूला डोक्याभोवती किरणं असलेला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला उजवीकडं तोंड केलेला घोडेस्वार, आणि भोवती ग्रीक अक्षरात "राजांचा राजा, महान तारणहार" (ग्रीकमध्ये सोटर मेगास म्हणजे हाच महान तारणहार). गंमत अशी की पूर्ण पदवी आहे पण राजाचं नाव कुठंच नाही, म्हणून कितीतरी वर्षं हा कोण यावर वाद चालला. अफगाणिस्तानात रबातकला १९९३ मध्ये शिलालेख सापडला, त्यातनं विम ताक्तो हे नाव पुढं आलं आणि आता बहुतेक अभ्यासक ही नाणी त्याचीच मानतात. नाणी अमाप पाडली गेली त्यामुळं स्वस्तात मिळतात, मोठं साधारण साडेआठ ग्रॅमचं, छोटं दोन ग्रॅमच्या आसपास.

रोमन हवं असेल तर चौथ्या शतकातलं कॉन्स्टॅन्शियस दुसरा याचं ब्रॉन्झ घ्या, सैनिक घोड्यावरनं कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारतोय ते. हेही ढिगानं मिळतं. ग्रीक हवं असेल तर मॅसिडोनच्या फिलिप दुसऱ्याचं ब्रॉन्झ, अपोलोचं डोकं आणि घोडेस्वार. एकदम चांदी-सोन्याकडं उडी मारू नका, आधी वर्षभर तांबं-ब्रॉन्झ हाताळा, डोळा तयार होऊ द्या.

३. आपल्या भारतातली घोड्याची नाणी कुठली कुठली? यादी द्या ना

नुसती यादी देऊन उपयोग नाही, घोडा काय करतोय ते बघत गेलं तर लक्षात राहतं.

वायव्येकडनं सुरू करू. इंडो-ग्रीक युक्रेटिडीसच्या नाण्यावर डायोस्क्युरी म्हणजे दोन जुळे देव घोड्यावरनं भाले रोखून दौडतायत. अँटिमॅकस दुसरा, फिलोक्सिनस, हिप्पोस्ट्रॅटस यांच्या नाण्यांवर देवाच्या जागी राजा स्वतः घोड्यावर बसलेला दिसतो. मग शक आले आणि त्यांनी तर घोडेस्वार राजा हीच ओळख करून टाकली, अझेसची चांदीची नाणी बघा, राजा घोड्यावर, हातात चाबूक किंवा भाला, भोवती ग्रीक लेख आणि मागं देव किंवा देवी आणि खरोष्ठी लिपीत "महरजस रजरजस महतस अयस". या नाण्यात भिंग लावून एक गोष्ट जरूर बघा, स्वाराचा पाय. पाऊल सरळ खाली लोंबतंय कारण रिकीब तेव्हा नव्हतीच. रिकिबीशिवाय दौडत्या घोड्यावर बसून लढायचं म्हणजे मांडीत किती जोर लागत असेल, ते आपल्याकडच्या एखाद्या घोडेवाल्याला विचारा.

त्यानंतर इंडो-पार्थियन राजा गोंडोफरिस, मग सोटर मेगास (प्रश्न २). कनिष्काच्या काही नाण्यांवर घोड्यासोबत उभा असलेला इराणी देव आहे, पण ती दुर्मिळ.

दक्षिणेत सातवाहनांचं नाव काढलं की लोकांना हत्ती आठवतो आणि ते बरोबरच आहे, पण यज्ञ सातकर्णी आणि त्यानंतरच्या राजांची शिशाची घोडा छाप नाणी आंध्रकडं मिळतात. नाणेघाटाच्या लेखात अश्वमेध केल्याचा उल्लेख आहेच, म्हणजे घोड्याशी त्यांचं नातं जुनं. तमिळ देशात संगम काळातल्या मलैयमान सरदारांच्या तांब्याच्या नाण्यांवर पण घोडा आहे.

मग गुप्तांचं सोनं, त्यावर वेगळा प्रश्न आहे (४). आणि शेवटी हिंदू शाही, स्पलपतिदेव आणि सामंतदेवाच्या नावाची चांदीची नाणी, एका बाजूला बसलेला नंदी, दुसऱ्या बाजूला भालेवाला घोडेस्वार, वजन तीन ग्रॅमच्या थोडं वर. हे चित्र इतकं चाललं की पृथ्वीराज चौहानानं तेच वापरलं आणि त्याला हरवणाऱ्या मुहम्मद घोरीनंसुद्धा तेच ठेवून नागरीत "श्री महमद साम" लिहिलं. राज्य बदललं तरी बाजारातल्या माणसाला ओळखीचं नाणं पाहिजे होतं. मला विचाराल तर कमी पैशात इतिहास हातात धरायचा असेल तर या घोडेस्वारासारखं दुसरं नाणं नाही.

४. अश्वमेधाचं सोन्याचं नाणं खरंच असतं का? त्यावर काय असतं नक्की?

असतं, आणि भारतीय नाण्यांतलं सगळ्यात देखणं मी त्यालाच म्हणेन. समुद्रगुप्ताचं, चौथ्या शतकातलं. डावीकडं तोंड करून घोडा उभा आहे, अंगावर खोगीर नाही, लगाम नाही, समोर यज्ञाचा यूप म्हणजे खांब आणि त्याला बांधलेली पताका घोड्याच्या पाठीवरनं उडतेय. मागं राणी उभी, खांद्यावर चवरी, आणि लेख "अश्वमेधपराक्रमः". घोड्याची मान बघा, थोडी ताठ, पुढचा पाय किंचित उचललेला असल्यासारखा, पुढं काय होणार ते माहीत असलेल्या माणसानं कोरलाय असं वाटतं.

महत्त्वाची गोष्ट अशी की प्रयागच्या स्तंभावर हरिषेण या दरबारी कवीनं समुद्रगुप्ताची एवढी मोठी प्रशस्ती लिहिली त्यात अश्वमेधाचा उल्लेखच नाही. पुढच्या गुप्त लेखांत येतो. त्यामुळं त्याच्या स्वतःच्या काळातला पुरावा म्हणून ही नाणीच बोलतात. त्याचा नातू कुमारगुप्त पहिला यानंही असं नाणं काढलं, "श्री अश्वमेधमहेन्द्रः", आणि त्याच्या यज्ञाची माहिती तर नाण्यांवरनंच कळते.

विकत घ्यायचं असेल तर हे आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही आणि म्हणूनच याच्या नकला भरपूर. कुणी "घरातलं जुनं आहे, अर्जंट विकायचंय" म्हणून स्वस्तात देत असेल तर हातसुद्धा लावू नका. म्युझियममध्ये काचेपाशी उभं राहून बघा, पोटभर बघा.

५. पंख असलेला घोडा आहे, हे कुठलं?

तो पेगासस, आणि नव्वद टक्के वेळा शहर ग्रीसमधलं कॉरिंथ. मागं शिरस्त्राण घातलेली अथीना देवी. चांदीचं, साधारण साडेआठ ग्रॅम. घोड्याच्या खाली बघा, एक गोल आणि त्याला खाली दांडी असं अक्षर असेल तर ते कॉरिंथचं कोप्पा. दुसरं अक्षर असेल तर ल्युकास, अँब्रेसिया अशा कॉरिंथच्या वसाहतींपैकी कुठलंतरी, चित्र तेच. अक्षर पुसलेलं असेल तर शहर ठामपणे सांगता येत नाही आणि विकणारा सांगत असेल तर "कशावरनं?" विचारा.

६. ग्रीक लोकांच्या नाण्यांवर एवढे घोडे कशाला?

शहराशहराचं कारण वेगळं. लारिसा हे थेस्सली प्रांतात, तिथली कुरणं आणि घोडे नावाजलेले, सिकंदराचा ब्युसेफलस पण तिकडचाच, म्हणून लारिसाच्या चांदीच्या नाण्यावर खाली मान घालून चरणारा घोडा आहे. सगळे राजे आणि रथ बघून झाल्यावर तो चरणारा घोडा बघायला इतकं बरं वाटतं.

फिलिप दुसऱ्याचं कारण शर्यत. इसवी सनपूर्व ३५६ मध्ये त्याचा घोडा ऑलिम्पिकमध्ये जिंकला, त्याच सुमारास मुलगा झाल्याची बातमी आली, तो मुलगा म्हणजे सिकंदर. चांदीच्या नाण्यावर घोड्यावरचा स्वार आला, सोन्याच्या नाण्यावर दोन घोड्यांचा रथ. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा घोडा त्यांच्या शहर-स्थापनेच्या कथेतला, जमीन खोदताना घोड्याचं डोकं सापडलं अशी कथा आहे. सिसिलीतल्या सिरॅक्यूजच्या त्रेचाळीस ग्रॅमच्या मोठ्या नाण्यावर चार घोड्यांचा रथ, त्यावर किमॉन आणि युऐनेटॉस या कारागिरांनी स्वतःची सही केलेली आहे.

७. देव्हाऱ्यात आजोबांपासून चांदीचं घोड्यावरच्या देवाचं "नाणं" आहे, किती जुनं असेल?

हा प्रश्न बाळे, मोहोळ, बार्शी सगळीकडनं येतो. ते नाणं नाही, टाक आहे. खंडोबा, कधी सोबत म्हाळसा, खाली कुत्रा. टाक पत्र्यावर एका बाजूनं ठोकून उठवलेला असतो, मागची बाजू पोकळ. नाणं दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं, त्याला ठरलेलं वजन असतं आणि ते व्यवहारात फिरलेलं असतं. टाक कुळाचा असतो, तो देव्हाऱ्यातच शोभतो. किंमत काढायला जाऊ नका आणि कुणी "प्राचीन नाणं" म्हणून विकत मागत असेल तर देऊ नका.

८. शिवाजी महाराज घोड्यावर असलेलं तांब्याचं जुनं नाणं मिळालंय, खरं आहे ना?

नाही. शिवराईवर एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" एवढाच मजकूर असतो, कडेनं ठिपक्यांचं वर्तुळ. सोन्याच्या होनावरही अक्षरंच. महाराजांचं चित्र असलेलं त्या काळातलं नाणंच नाही. घोड्यावरचे महाराज असलेली जी "जुनी" नाणी यात्रेत, गड्ड्यावर मिळतात ती अलीकडं बनवलेली आहेत. आवड म्हणून ठेवा, पण शिवकालीन म्हणून त्यासाठी पैसे मोजू नका.

९. आजीची सोन्याची गिन्नी आहे, घोडेस्वार राक्षसाला मारतोय. प्राचीन?

ती ब्रिटिश सॉव्हरिन. सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन, पिस्ट्रुची नावाच्या कारागिराचं डिझाईन, १८१७ पासून. बावीस कॅरेट, ७.९८ ग्रॅम. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीजवळ साल असतं, १९१८ असेल आणि तिथंच बारीक "आय" अक्षर असेल तर ती मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली. प्राचीन नाही पण जपायची वस्तू आहे. वितळवू नका, आणि भोक पाडून गळ्यात घालू नका.

१०. खरं-खोटं घरी कसं ओळखायचं?

तीन वस्तू लागतात. सराफाचं दहा पटीचं भिंग, पॉईंटनंतर दोन आकडे दाखवणारा छोटा डिजिटल काटा, आणि धीर.

आधी कड बघा. साच्यात ओतलेल्या नकलेला कडेनं बारीक रेघ दिसते, दोन अर्धे जोडल्यासारखी, किंवा ती रेघ कानशीनं घासून काढल्याच्या खुणा दिसतात. मग घोड्याच्या पोटाजवळचा मोकळा भाग भिंगाखाली धरा, सुईच्या टोकासारखी गोल छिद्रं दिसली तर ते ओतताना अडकलेले हवेचे बुडबुडे. खऱ्या ठोकलेल्या नाण्यात आयाळीच्या रेघा झिजल्या तरी त्यांचा उतार स्वच्छ असतो, नकलेत सगळं साबणाच्या वापरलेल्या वडीसारखं गुळगुळीत होऊन जातं. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, काही प्राचीन नाणी मुळातच ओतलेली आहेत, सातवाहनांची पोटीन या मिश्रधातूची काही तशीच, तिथं कडेच्या रेघेवरनं खोटं ठरवता येत नाही.

वजन त्या प्रकाराच्या नेहमीच्या वजनाशी जुळवा. लोहचुंबकाला चिकटलं तर विषय संपला, सोनं, चांदी, तांबं, शिसं यातलं काहीच चिकटत नाही. पण चिकटलं नाही म्हणजे खरं असंही नाही.

आणि सिकंदर घोड्यावरनं पोरसच्या हत्तीचा पाठलाग करतोय ते मोठं चांदीचं नाणं ऑनलाइन कुणी काही हजारात देत असेल तर ती नक्कल आहे. अस्सल जगात मोजकी आहेत.

११. चांदीचं नाणं आहे पण एका ठिकाणी खालचं तांबं दिसतंय. फसलो का?

घाई करू नका. प्राचीन काळातसुद्धा खोटी नाणी पाडायचे, तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवून. ग्रीक आणि रोमन चांदीत अशी नाणी नेहमी सापडतात. ती त्या काळातली अस्सल बनावट, त्यांचाही संग्रह करणारे लोक आहेत. किंमत मात्र खऱ्या चांदीच्या नाण्यापेक्षा बरीच कमी असायला पाहिजे. आणि शेवटच्या शक राजांच्या वेळी चांदीतच तांबं मिसळत गेले, त्यामुळं अझेसचं उशिराचं नाणं काळपट-तांबूस दिसलं तर ते त्याचं खरं रूप.

१२. चिंच-मिठानं घासलं तर घोडा स्पष्ट दिसेल का?

हात जोडून सांगतो, नको. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काही नको. तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर शतकानुशतकं बसलेला असतो आणि बारीक नक्षी बऱ्याचदा त्या थरातच टिकून असते, तो गेला की घोड्याचे पाय पण जातात. परत आणता येत नाही. माती असेल तर तांबं किंवा ब्रॉन्झ डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, रोज पाणी बदला, मऊ ब्रशनं हळूच, आणि पूर्ण सुकवा. शिशाचं नाणं असं भिजवत ठेवू नका.

फिकट हिरवी पावडर येत असेल, बोटानं पुसल्यावर परत येत असेल तर तो ब्रॉन्झचा रोग, क्लोराईडमुळं होतो आणि ओलाव्यानं वाढतो. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून बाजूला काढा, कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

१३. ठेवायचं कशात? आपल्याकडं ऊन तर बघताय

उन्हाळ्याची काळजी नाही, सोलापूरचा कोरडा उन्हाळा नाण्याला मानवतो. काळजी पावसाळ्यातल्या महिन्यांची. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, दरवर्षी बदला. मऊ, वास येणारं प्लास्टिक वापरू नका, त्यातनं हिरवट चिकट द्रव सुटतो. मायलरचे पाऊच नाहीतर आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या.

शिशाची सातवाहन नाणी असतील तर लाकडी कपाट आणि पुठ्ठ्याचा डबा दोन्ही वर्ज्य. लाकडातनं येणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिसं पांढरं पडून भुगा होतं. शिवाय शिसं विषारी, हाताळल्यावर साबणानं हात धुवा, लहान पोरांच्या हातात देऊ नका.

१४. दादा, शेतात नांगरताना नाणी सापडली. कुणाला न सांगता तुम्हाला पाठवू का?

नको, आणि मी घेणारही नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, काय सापडलं, किती, कुठं, कधी. लपवलं तर शिक्षा आहे. पण प्रामाणिकपणे कळवणाऱ्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे, निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा, आणि सरकारनं ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त द्यायची तरतूद आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट आहे. तेर आपल्या शेजारीच, म्हणजे जुनं तगर, पेरिप्लस या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात पहिल्या शतकात ज्याचं नाव येतं, जिथनं कापड भडोच बंदरात जायचं. तिथल्या लामतुरे संग्रहालयात एकदा जाऊन या. या भागात नाणं ज्या जागी, ज्या खापरासोबत, ज्या खोलीवर सापडतं त्यावरनंच काळ कळतो. ते उचलून पिशवीत घातलं की धातूचा तुकडा उरतो, त्याची गोष्ट गेली. म्हणून सापडलं तर ढवळू नका, जागेवरच फोटो काढा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.

१५. मग विकत घेणं तरी कायदेशीर आहे का? मुलगा अमेरिकेत आहे, त्याला पाठवू शकतो?

संग्रहासाठी विकत घेता येतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं, त्यामुळं त्याचा धंदा करायचा तर लायसन्स लागतं, म्हणजे घेताना दुकानदाराचं लायसन्स बघा आणि पक्कं बिल घ्या. परदेशी पाठवता मात्र येत नाही, कुरिअरनं नाही, बॅगेतनं नाही, भेट म्हणूनही नाही. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलगा दिवाळीला आला की इथंच दाखवा.

१६. प्राणी पुसट आहे, घोडा का हरीण का बैल, कळत नाही

मान आणि शेपूट बघा. घोड्याची मान कमानीसारखी आणि शेपटीचा झुपका जाड, बैलाला वशिंड. कुणिंदांच्या नाण्यावरचं हरीण लोक घोडा म्हणून पाठवतात, तिथं शिंगं आणि शेजारी उभी देवी शोधा. गधैया नाण्यावर तर प्राणीच नाही, इराणच्या सासानी राजाचा बिघडत गेलेला चेहरा आणि अग्निवेदी आहे. फोटो पाठवताना दोन्ही बाजू, वजन, व्यास, आणि प्रकाश एका बाजूनं तिरका पाडा, फ्लॅश मारू नका.

१७. पाकिटावर "अझेस दुसरा" लिहिलंय, दुसरा विक्रेता फक्त "अझेस" म्हणतो. कोण बरोबर?

जुन्या पुस्तकांत दोन अझेस आहेत. नंतरच्या अभ्यासात दुसरा वेगळा राजा नव्हताच, एकाच्याच नावाची नाणी पुढंही पडत राहिली, असं मत जोर धरत गेलं. त्यामुळं दोघांनाही खोटं म्हणता येत नाही. किंमत लेबलावरनं ठरवू नका, घोडा किती टिकलाय आणि चांदी किती चांगली आहे त्यावरनं ठरवा.

१८. शिक्का बाजूला सरकलाय, घोड्याचं डोकंच नाही. घ्यावं का?

हातानं ठोकलेल्या नाण्यात हे चालायचंच. हिंदू शाहींच्या घोडेस्वारात पूर्ण घोडा आणि पूर्ण भाला एकाच नाण्यावर क्वचितच मिळतो. मी असं बघतो, घोड्याचं डोकं आणि पुढचा पाय असेल तर मागचा भाग गेला तरी घेतो. डोकं नसेल पण लेख पूर्ण वाचता येत असेल तरी घेतो. दोन्ही नसेल तर सोडतो. आणि घेतलं की त्याच दिवशी पाकिटात चिठ्ठी घाला, कुठनं घेतलं, कधी, वजन किती, विकणाऱ्यानं सापडल्याचं गाव सांगितलं असेल तर तेही, बॉलपेननं नको, पेन्सिलनं.